कुर्ल्याची फियाट, उद्यमनगरचा पिस्टन

आमच्या घरातले एक वाक्य चाळीस वर्षे कोणी तपासून पाहिले नव्हते : ‘दादांच्या गाडीचे इंजिन कधी खोललेलेच नाही.’ दादा म्हणजे माझे वडील. गडहिंग्लजला त्यांचा दवाखाना होता. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनी १९७४ मध्ये मुंबईच्या एका डॉक्टर मित्राकडून घेतली. गाडी इटलीची, इंजिन इटलीचे, त्याला हात लावायची छाती इथल्या मेस्त्रीची नाही, अशी त्या वाक्याला पुढे शेपटी असे. २००२ मध्ये दादा गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. तिथे तिने एकवीस पावसाळे काढले.

ती पुन्हा बाहेर काढण्याचे कारण प्रेम नव्हते, कागद होता. शेड पाडायचे ठरले. थोरले बंधू अण्णा म्हणाले, भंगारात देऊ. मी म्हणालो, २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नवे नियम केलेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, तिला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. मात्र रोजच्या वापराला ती काढता येत नाही, आणि एक अट आहे : गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अण्णा म्हणाले, मग काय, आपले इंजिन कधी खोललेलेच नाही!

मी इंजिनिअर नाही. इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. जुनी दप्तरे, दवाखान्याच्या वह्या, सहकारी सोसायट्यांची इतिवृत्ते वाचत मी शिकलो. त्यामुळे गाडी समोर आली तेव्हा ती मी कागदासारखीच वाचायला घेतली.

आधी जन्मस्थान. बॉनेटखालच्या पट्टीवरची धूळ पुसली आणि ‘इटलीची गाडी’ पहिल्या पाच मिनिटांतच निकालात निघाली. गाडी मुंबईची, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. मुंबईत मोटारींचा कारखाना काढावा हा विचार सर विश्वेश्वरय्या १९३५ च्या सुमारास मांडत होते. गोऱ्या सरकारने त्याला थारा दिला नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी तो विचार उचलला. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी देशात व्हाव्यात हा त्यांचा ध्यास, आणि १९४४ मध्ये प्रीमियरची स्थापना झाली. १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे सरकारने धोरण ठरवले की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच वर्षी प्रीमियरने फियाट ११०० आणली. वालचंद मात्र एप्रिल १९५३ मध्येच वारले होते.

ती पहिली ११०० म्हणजे आपल्याकडची ‘डुक्कर फियाट’. पुढचा फुगीर मुसका पाहून हे नाव ज्याने ठेवले त्याला दाद द्यावीशी वाटते. आमची गाडी तिच्या नंतरची, १९६४ पासून निघालेली चौकोनी बांध्याची. हीच १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. नावे बदलली, जाळी आणि दिवे बदलले, पण आत तेच १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन : ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरही बरीच वर्षे तोच राहिला. डुक्कर फियाटपासून शेवटच्या पद्मिनीपर्यंत पंचेचाळीस वर्षे मूळ घडण फारशी हलली नाही. लायसन्स राजवर लिहिणारे यावर हसतात, आणि ग्राहक म्हणून वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट पाहिलेल्यांना हसण्याचा हक्कही आहे. पण या न बदलण्याला दुसरीही बाजू आहे. ती मला शेडमध्ये कळली.

एकवीस वर्षे उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारणे म्हणजे आतल्या गंजावर रिंगा घासून घेणे. म्हणून आधी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले आणि आठवडाभर थांबलो. मग बंपरमधून हँडल घातले. हलेना. आणखी चार दिवस गेले. अकराव्या की बाराव्या दिवशी हँडल बोटभर सरकले आणि आतून ओला, चिकट आवाज आला. त्या दिवशी मी काम तिथेच थांबवले. जोर केला असता तर रिंग तुटली असती.

मधल्या वेळात टाकी उतरवली. जुने पेट्रोल वार्निशसारखे झाले होते, वास रंगाच्या दुकानाचा. टाकी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून तिच्यात मूठभर बारीक खडी आणि केरोसीन घातले, आणि मी आणि माझा पुतण्या दोघांनी ती पाळण्यासारखी हलवली. लालभडक पाणी निघाले. कार्ब्युरेटरचे जेट केसाच्या तारेने उघडले. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते. हे इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाच्या मळीतून येते. वालचंदांनी उसाचे वालचंदनगर उभे केले आणि मोटारींचे कुर्लेही. त्यांच्या एका उद्योगाच्या जातभाईने दुसऱ्याच्या गाडीचे रबर कुरतडावे, हा योगायोग त्यांना रुचला नसता!

रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता, इतका की निम्म्या नळ्या बुजलेल्या. पाणी हेडमध्ये कुठवर पोचत होते ते पाहण्यासाठी हेड काढणे भाग पडले. आणि तिथे ‘कधी न खोललेले’ इंजिन बोलू लागले.

पिस्टनच्या माथ्यावरचा काजळीचा थर खरवडला तर खाली छाप दिसला : ०.६०. म्हणजे ६८ मिलिमीटरचा मूळ बोअर मारून मोठा केलेला, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवलेला. मग ब्लॉकवरचा क्रमांक घासून काढला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला. बुकात मूळ इंजिन क्रमांक तांबड्या शाईने खोडलेला होता. शेजारी दुसरा क्रमांक, शिक्का आणि साल १९८३. ब्लॉकवर तो दुसरा क्रमांक होता. हे बुक आमच्या कपाटात कायम होते. मीही ते अनेकदा हातात घेतले होते, पण ते पान कधी वाचले नव्हते. दप्तरे वाचणाऱ्याने हे कबूल करायला हवे.

मग दादांच्या खर्चाच्या वह्या काढल्या. १९८३ च्या वहीत औषधांच्या बिलांमध्ये एक ओळ सापडली : ‘कुर्ल्याहून इंजिन, टॅक्सीचे.’ आणि १९९१ च्या वहीत : ‘बोअर, पिस्टन, रिंगा. उद्यमनगर.’ दोन्ही त्यांच्याच अक्षरात.

आता न बदलण्याची दुसरी बाजू सांगतो. मुंबईच्या टॅक्सीतून निघालेले इंजिन १९६८ च्या गाडीत एकही पकड न बदलता बसले, कारण दोन्ही मुळात एकच. मुंबईत हजारो टॅक्सी याच इंजिनावर धावत होत्या. त्यामुळे सुट्या भागांचा बाजार कधी आटला नाही. आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या लेथवाल्यांना १०८९ सीसीचा बिडाचा ब्लॉक परका नव्हता. पाण्याच्या पंपाचे इंजिन बोअर करणारा माणूस फियाटचेही बोअर करू शकत होता. मोटारींचा आपला लिखित इतिहास परवाने, कोटे आणि १९६९ नंतरचे किमतींचे नियंत्रण यांतच अडकतो. लेथवाला त्यात येत नाही, आणि आमची गाडी १९८३ नंतर एकोणीस वर्षे धावली ती त्याच्यामुळे. तिची शेवटची टॅक्सी-बहीण मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. कारण मोडकेपणा नव्हे, वीस वर्षांच्या वयोमर्यादेचा नियम.

मग घरातले ते वाक्य आले कुठून? आईला विचारले. ती म्हणाली, ‘दुसरं इंजिन म्हटलं की गाडीची किंमत पडते. आणि डॉक्टरची गाडी रात्री व्हिजिटला जाताना घाटात बंद पडली होती, हे पेशंटला कशाला सांगायचं? तुझे दादा म्हणायचे, सांगू नका. पुढं तेच खरं वाटायला लागलं त्यांनाही.’

पुढचे काम सरळ झाले. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. नव्या जोडताना मी प्लगचा क्रम एक-दोन-तीन-चार असा लावला आणि पहिल्याच प्रयत्नाला सायलेन्सरमधून बार उडाला. शेजारचे दोन कुत्रे दिवसभर परतले नाहीत. क्रम एक-तीन-चार-दोन असतो. पॉइंट घासले, फीलर गेजने फट लावली, कंडेन्सर नवा घातला. ब्रेकची चारही चाकांची सिलिंडरे गंजून चिकटली होती. ती होईपर्यंत गाडी विटांवरच ठेवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सकाळी, चोक ओढून, तिसऱ्या हँडलला इंजिन धरले. निळा धूर शेडभर झाला, मग विरला.

अण्णा बाहेर उभे होते. अर्जासोबत जोडायचे पत्र मी आदल्या रात्री लिहिले होते. गाडी वारसाने त्यांच्या नावावर, सही त्यांची हवी. त्यात लिहिले होते : ‘सांगाडा व बॉडी मूळ. इंजिन १९८३ मध्ये त्याच प्रकारच्या इंजिनाने बदलले, नोंद आरसी बुकात आहे. १९९१ मध्ये रिबोअर.’ त्यांनी दोनदा वाचले.

‘हे लिहिलंस तर नंबर मिळेल का?’

‘माहीत नाही.’

‘आणि नाही लिहिलं तर?’

मी काही बोललो नाही. इंजिन चालूच होते. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवला, थरथरणाऱ्या पत्र्यावर सही वेडीवाकडी आली. कोल्हापूरच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.