पाच मिलिअँपिअरची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरातला ईएलसीबी सारखा पडायला लागला. आई अंघोळीला गेली, गिझर लावला, की खट्! सगळं घर बंद. वायरमन आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दादा, डायरेक्ट करून दिलंय. आता त्रास नाही." मी पैसे दिले, वर चहाही पाजला. मग या भागासाठी वाचायला बसलो आणि माझेच हातपाय गार पडले.

गोष्ट आहे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातली. चार्ल्स डॅलझिएल तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांचा प्रश्न असा, की हातातून किती करंट गेला की माणसाला वायर सोडताच येत नाही? शॉक लागून माणूस 'चिकटला' असं आपण म्हणतो ना, तेव्हा खरं तर मूठ आवळली जाते आणि काही केल्या उघडत नाही. डॅलझिएलनी १३४ पुरुष आणि २८ बायका स्वयंसेवक म्हणून घेतले. हातात तांब्याची तार द्यायची, करंट हळूहळू वाढवत न्यायचा, सोडता येईना की थांबायचं. (आज कुठलं कॉलेज परवानगी देईल याला?) सरासरी निघाली पुरुषांची सुमारे १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. पण सरासरीच्या भरवशावर कुणाचा जीव कसा सोडणार? जवळजवळ सगळ्या बायकांना तार सोडता येईल असा आकडा त्यांनी काढला, तो आला ६.

आता आपला फ्यूज आठवा. १५ अँपिअरचा, म्हणजे १५,००० मिलिअँपिअर! तो वायर जळू नये म्हणून असतो. माणूस मरत असताना त्याला पत्ताही लागत नाही.

१९६१ मध्ये डॅलझिएलनी जे यंत्र केलं त्याचं तत्त्व अगदी आपल्या वाण्याच्या हिशोबासारखं. फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत यायला हवं. दोन्ही वायरी एका कड्यातून जातात; हिशोब जुळला तर कडं गप्प. पाच मिलिअँपिअर जरी कमी आलं, तर ते कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललंय असं धरायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडायची. फरक मोजायची युक्ती युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत आधीच वापरात होती. डॅलझिएलनी ती माणसाच्या मुठीच्या मापाला आणून बसवली.

अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये हे आधी १९६८ला पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी आलं, १९७५ला बाथरूममध्ये, आणि किचनच्या सिंकपाशी यायला १९८७ उजाडलं. पाणी सगळीकडे तेच, पण नियम किती सावकाश!

तिथे हे यंत्र थेट सॉकेटमध्येच बसवतात, त्याला जीएफसीआय म्हणतात. त्याच्या मागे स्क्रूच्या दोन जोड्या असतात, लाइन आणि लोड. येणारी वायर लाइनला, पुढच्या सॉकेटकडे जाणारी लोडला. जुन्या सॉकेटमध्ये हे उलटं झालं तर टेस्ट दाबल्यावर खट् वाजायचं, पण सॉकेट जिवंतच! म्हणून मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून वायरी लावायच्या, आणि शेवटी दिवा लावून टेस्ट दाबायचं. दिवा विझला तरच काम झालं. आणि हो, एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात, तर हिशोब जुळतो. तेव्हा हे यंत्रही वाचवत नाही.

आपल्याकडे हेच काम मेन बोर्डातला आरसीसीबी करतो, घरांसाठी सहसा ३० मिलिअँपिअरचा. मी दुसरा वायरमन बोलावला. त्याने गिझर उघडला, तर कॉइल फुटून पाण्यात लीक होत होती. म्हणजे तो ईएलसीबी रोज सकाळी बरोबरच बोलत होता. नवी कॉइल बसली, डायरेक्ट काढलं, नवा आरसीसीबी लावला. आता दर महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण आईच दाबते, आणि माझा वायफाय गेला की आतून ओरडते, "चालू आहे रे!"