हिलमन इम्प : आगीच्या पंपाचे इंजिन आणि तापणाऱ्या गाडीची बदनामी

जुनी, लहान पण चपळ गाडी विकत घेणारा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पत्र्याला गंज आहे का? आणि इंजिन तापते का? १९६३ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर आलेल्या हिलमन इम्पच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न साठ वर्षे झाली तरी सुटलेला नाही. आजच्या धाग्यात त्या प्रश्नाचाच इतिहास पाहू. त्यात शीतयुद्ध आहे, सुएझ कालवा आहे, स्कॉटलंडमधली बेकारी आहे आणि एका कामगारवर्गाच्या माथी मारलेला, माझ्या मते अन्यायाचा, ठपकाही आहे.

आरंभ आगीपासून करू. दुसरे महायुद्ध संपले, पण पुढच्या युद्धाची भीती संपली नव्हती. बॉम्बहल्ल्याने पेटलेली शहरे विझवायची तर हलके पंप हवेत, हे ब्रिटिश सरकारने ओळखले होते. मागणी मोठी विलक्षण होती : आधीच्या पंपाच्या दुप्पट पाणी फेकणारा, पण वजनाने निम्मा पंप. कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स या कंपनीत वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी या अभियंत्यांनी १९५० साली त्यासाठी १०२० सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन घडवले. नाव ठेवले ‘फेदर वेट’, म्हणजे पिसासारखे हलके. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या मंडळींची नजर त्यावर पडायला वेळ लागला नाही. हलके आणि जोमदार इंजिन त्यांना याहून काय वेगळे हवे होते? १९५४ साली या घराण्याचे १०९८ सीसीचे इंजिन ल मॉंच्या शर्यतीत धावले, आणि पुढे लोटस व कूपर यांच्या छोट्या गाड्यांनी त्याच्यावर नाव कमावले. याच घराण्यातल्या ७४२ सीसीच्या एका धाकट्या इंजिनातून इम्पचे इंजिन जन्माला आले.

दुसरा धागा सुएझचा. १९५६ च्या संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची रेशनिंग झाली आणि कमी इंधनात चालणाऱ्या लहान गाड्यांना एकदम भाव आला. रूट्स समूह तोवर मध्यम आकाराच्या प्रतिष्ठित गाड्या बनवीत असे. तिथे मायकेल पार्क्स आणि टिम फ्राय या दोन तरुण अभियंत्यांनी छोट्या गाडीचा आराखडा मांडला. (हे पार्क्स पुढे फेरारीतर्फे फॉर्म्युला वनमध्ये उतरले.) त्यांच्या पहिल्या नमुन्यातले इंजिन हवेने थंड होणारे होते. रूट्स बंधूंना तो नमुना फारच दरिद्री वाटला. मग आले क्लायमॅक्सच्या वंशातले, पाण्याने थंड होणारे ८७५ सीसीचे इंजिन. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, ४५ अंशांत कललेले, गाडीच्या मागच्या बाजूला बसवलेले. रेडिएटरही मागेच, इंजिनाच्या शेजारी.

गाडी कुठे बांधायची, हे मात्र कंपनीच्या हाती राहिले नाही. रूट्सला विस्तार कॉव्हेन्ट्रीजवळ रायटन येथे, आपल्या जुन्या कारखान्यालगत हवा होता. मॅकमिलन सरकारने तिथे परवानगी नाकारली आणि कंपनीला ग्लासगोच्या पश्चिमेस लिनवुड येथे जायला लावले. क्लाइड नदीकाठची जहाजबांधणी मंदावत होती, हातांना काम हवे होते. धोरण म्हणून यात गैर काहीच नव्हते. अडचण नकाशावर होती. इंजिनाचे ओतकाम लिनवुडला होई, ते रेल्वेने तीनशे मैल दक्षिणेस रायटनला जाई, तिथे यंत्रकाम व जुळणी होई, आणि तयार इंजिने पुन्हा तीनशे मैल उत्तरेस येत. सहाशे मैलांची ही वारी प्रत्येक इम्पच्या इंजिनाने गाडीत बसण्याआधीच केलेली असे.

मे १९६३ मध्ये प्रिन्स फिलिप यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले आणि गाडी बाजारात आली. चाचण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. बीएमसीची मिनी १९५९ पासून बाजार खात होती आणि रूट्सला थांबणे परवडत नव्हते. पहिल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी लवकरच येऊ लागल्या. स्वयंचलित चोक नीट चालेना, हवेच्या दाबावरचा ॲक्सिलरेटर रुसू लागला, पाण्याचा पंप गळू लागला. यातली पहिली दोन दुखणी चिडचिड वाढवणारी, तिसरे जीवघेणे.

ते का, हे समजून घ्यायला थोडे धातुशास्त्र लागेल. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडापेक्षा उष्णता कितीतरी लवकर वाहून नेते, म्हणजे पाणी खेळते असेपर्यंत हे इंजिन उलट सुखात असते. पण तापल्यावर ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. इम्पच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरचे अस्तर लोखंडाचे, भोवतालचा धातू ॲल्युमिनियम. पाणी गेले की दोन धातू दोन वेगांनी फुगतात, हेड वाकते, गॅस्केट उडते. लोखंडी इंजिनाला एकदा उकळी आली तरी ते बहुधा निवते आणि पुन्हा चालते. बोरघाटात बॉनेट उघडून, रेडिएटर निवायची वाट पाहत उभ्या राहिलेल्या गाड्या आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिल्या आहेत. पाणी घालायचे आणि पुढे निघायचे. इम्पला ही चैन नव्हती. शिवाय इंजिन पाठीमागे, त्यामुळे वाफ चालकाच्या डोळ्यांसमोर येत नसे.

त्यात भर पडली सवयीची. त्या काळचा ब्रिटिश गाडीमालक हिवाळ्यापुरते गोठणरोधक द्रव घाली आणि वसंतात ते काढून नळाचे पाणी भरी. लोखंडी इंजिनाला ते खपत असे. ॲल्युमिनियमला मात्र गंजरोधक रसायन बारा महिने लागते. नुसत्या पाण्याने धातू झिजतो, गाळ साचतो, पाण्याच्या वाटा बुजत जातात. मालकाने काहीही ‘चुकीचे’ केलेले नसे. बापाने जे केले तेच त्याने केले.

आता ठपक्याकडे येऊ. इम्पच्या अपयशाची एक आवडती गोष्ट अशी सांगितली जाते : जहाजांचे जाड पत्रे ठोकणाऱ्या हातांना गाडीचे नाजूक काम जमले नाही आणि संपांनी उरलेसुरले बुडवले. लिनवुडला संप झाले, हे खरेच आहे. पण तापण्याचा दोष त्या हातांवर ढकलताना सहाशे मैलांची वारी सोयीस्करपणे विसरली जाते. इंजिनाचे यंत्रकाम आणि जुळणी कॉव्हेन्ट्रीच्या मुरलेल्या कारागिरांकडे होती. पंप, चोक आणि ॲक्सिलरेटर ही दुखणी आराखड्याची आणि अपुऱ्या चाचण्यांची होती. ती ग्लासगोजवळच्या फिटरने निर्माण केलेली नव्हती. कारखान्याचा इतिहास लिहिताना दोष सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून देणे सोपे असते, म्हणून इथे जरा सावध राहायला हवे.

याच इंजिनाची दुसरी बाजूही आहे. १९६५ साली रोझमेरी स्मिथ यांनी इम्प चालवत हॉलंडची ट्युलिप रॅली जिंकली, स्त्रियांच्या गटात नव्हे, सर्वांमध्ये. १९६६ साली आलेल्या सनबीम इम्प स्पोर्टमध्ये दोन कार्ब्युरेटर आणि ५१ अश्वशक्ती होती. तिच्या इंजिनावरच्या झाकणाला हवेसाठी फटी पाडल्या होत्या आणि तेल थंड करणारा कूलरही दिला होता. कंपनीने उष्णतेचा प्रश्न कबूल केला होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा? पुढे बिल मॅकगव्हर्न यांनी जॉर्ज बेव्हन यांनी सिद्ध केलेल्या इम्पमधून १९७०, १९७१ आणि १९७२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद मिळवले. गुण गटवार असल्याने छोट्या गाडीला संधी होती, हे मान्य. तरी तीन हंगाम पूर्ण वेगाने धावणारे इंजिन मुळातच नालायक होते, असे म्हणवत नाही. शर्यतवाल्यांपैकी अनेकांनी रेडिएटर उचलून गाडीच्या नाकाशी बसवला, जिथे ताजी हवा मिळते.

म्हणूनच आज इम्प स्पोर्ट विकत घेणाऱ्याला खरे तर साधनचिकित्सा करावी लागते. वाकलेले हेड यंत्रावर घासून सपाट करतात. आपले मेकॅनिक त्याला ‘हेड फेस करणे’ म्हणतात. दर वेळी धातूचा एक पातळ थर जातो, हेडची जाडी घटते, दाबाचे प्रमाण वाढते आणि इंजिन आणखी तापट होते. ‘कधी उकळलीच नाही’ हे विकणाऱ्याचे बोलणे बखरीसारखे ऐकावे, रंजक आणि अधूनमधून खरे. हेडची मोजलेली जाडी हा ताम्रपट. तेलाच्या झाकणाखाली पांढुरका साका दिसला, तर पाणी तेलात शिरल्याची शंका घ्यावी. रेडिएटरमधले पाणी तांबूस-गढूळ असेल, तर मागच्या मालकाने बारा महिन्यांचा नियम पाळला नव्हता.

कंपनीला इतका वेळ मिळाला नाही. पहिल्या दोन वर्षांतली दुखणी पुढे बरीचशी दूर झाली, पण नाव गेले ते गेलेच. १९६४ मध्ये क्रायस्लरने रूट्समध्ये भांडवल घातले आणि १९६७ पर्यंत ताबा मिळवला. लिनवुडचा कारखाना वर्षाला दीड लाख गाड्यांच्या हिशेबाने उभारला होता. १९७६ साली इम्प बंद झाली तेव्हा तेरा वर्षांत मिळून सुमारे ४ लाख ४० हजार गाड्या तयार झाल्या होत्या, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचे काम. १९७८ मध्ये कारखाना फ्रान्सच्या प्यूजोकडे गेला, आणि १९८१ साली त्याला कुलूप लागले. जहाजबांधणीतून गाड्यांकडे वळवलेल्या हजारो हातांपुढे पुन्हा कामाचा प्रश्न उभा राहिला; या वेळी क्लाइडच्या गोद्याही पूर्वीसारख्या उरल्या नव्हत्या.