किहीमची सुगरण आणि एका मुलाची वही

१९७६ सालचा पावसाळा. आम्ही आठवीत होतो. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. मराठीच्या तासाला सर बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता शिकवत होते. पिलांसाठी झाडाला खोपा टांगणारी ती आई, तिची इवलीशी चोच, तिची कारागिरी, असे सगळे रंगून सांगत असताना मुलींच्या रांगेतून एक हात वर झाला.

"सर, खोपा ती नाही विणत. तो विणतो. मी रोज बघते आमच्या विहिरीवर. ज्याच्या डोक्यावर पिवळं असतं ना, तोच पात घेऊन येतो."

वर्ग खो खो हसला. पुस्तकात छापलेले खोटे आणि हिचे खरे? हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "उद्या शनिवार. सकाळची शाळा सुटली की आपण हिच्या विहिरीवर जाऊ."

गेलो. भुरभुर पाऊस होता. विहिरीवर झुकलेल्या ताडाला वीसेक खोपे लोंबत होते. काही पुरे, काही अर्धेच. अर्धा तास आम्ही गप्प उभे राहिलो. आठवीच्या वर्गाच्या मानाने ते पुष्कळच झाले. पिवळ्या डोक्याचा पक्षी भातखाचरातून पातीची लांब धांदोटी ओढून आणत होता, अर्ध्या खोप्याला उलटा लटकून ती आतबाहेर ओवत होता. एकदा नाही, दहादा. सर तिला म्हणाले, "अगं, तुझं बरोबर आहे." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आणि हे पाहणारी ही काही पहिली नाही. आपल्या किहीमला ४६ वर्षांपूर्वी एका माणसाने पावसाळाभर बसून हेच पाहिलं, आणि जगाला लिहून कळवलं."

तो माणूस म्हणजे सालिम अली. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाल्याची बातमी आली होती, पण आमच्यापैकी एकालाही ते नाव ठाऊक नव्हते. सरांनी पुढच्या काही तासांत त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगितली. उरलेली मी पुढे मोठेपणी वाचली. आपल्या किनाऱ्याचा इतिहास म्हटले की कान्होजी आंग्रे, कुलाबा किल्ला, जंजिरा इथवर आपण थांबतो. त्यांच्या शेजारी या गोष्टीलाही जागा असावी असे मला वाटते, म्हणून ती या स्मरणिकेत लिहीत आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुलांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. तय्यबजींचे घराणे मोठे. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. या घराण्यात एक छान रीत होती. 'अखबार' म्हणून सामाईक वह्या ठेवायच्या आणि घरातल्यांनी त्यांत रोजच्या घडामोडी, सहली, आवडीनिवडी, मते लिहून ठेवायची. लिहून ठेवणे हे या घरांत नवलाचे नव्हते.

पण छोट्या सालिमचे वेड वहीचे नव्हते, छऱ्याच्या बंदुकीचे होते. त्याला मोठे होऊन नामांकित शिकारी व्हायचे होते. खेळगड्यांत लांबच्या नात्यातला इस्कंदर मिर्झा होता. त्याचा नेम उत्तम. (हाच मुलगा पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.) सावज कोणते, तर घराभोवतीच्या चिमण्या.

नऊदहा वर्षांच्या या मुलाने १९०६-०७ च्या सुमारास एक टिपण लिहिले. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खुंटीवर. सालिमने उभ्या गाडीच्या आडून नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर येऊन त्याच खुंटीवर बसला. तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर मारले, आणि दर वेळी गेलेल्याची जागा घ्यायला नवा नर हजर. मुलाने हे लिहिले ते आपल्या नेमबाजीची फुशारकी म्हणून. अनेक दशकांनी ते टिपण छापले गेले तेव्हा त्यातली खरी गोष्ट शिकाऱ्याची नव्हती, चिमण्यांची होती: मोकळे नर वाट पाहत असतात आणि जागा रिकामी होताच भरली जाते. पोराला त्याचा अर्थ कळला नव्हता. पण जागा, दिवस आणि आकडा त्याने नीट लिहिला होता, म्हणून तो अर्थ पुढे कुणालाही काढता आला.

१९०८ मध्ये त्याच्या छऱ्याने एक वेगळी चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कसली? मामांना सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड साहेबांकडे पाठवले. कागदात गुंडाळलेला मेलेला पक्षी घेऊन एक भेदरलेला पोर गोऱ्या साहेबाच्या दारात उभा, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. साहेबाने त्याला हाकलले नाही. ही पीतकंठी चिमणी असे ओळखले, एकेक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पक्ष्यांचे नमुने कसे जतन करायचे ते शिकवायची तयारी दाखवली आणि वाचायला पुस्तके दिली.

त्यांतले एक पुस्तक 'ईहा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन यांचे होते, मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे. हे ऐटकेन कस्टम आणि मीठ खात्यातले अधिकारी, आणि त्यांच्या नोकरीची काही वर्षे आपल्या उरणला गेली. १८८३ मध्ये आठ जणांनी ती सोसायटी स्थापन केली, त्यांतही ते होते. मिठागरांची देखरेख करता करता कावळे, बेडूक, मुंग्या यांच्याकडे खेळकर नजरेने पाहणारा हा माणूस. उरणच्या एका जुन्या सरकारी नोकराचे पुस्तक खेतवाडीतल्या पोराच्या हाती पडले आणि पोराची वाट बदलली.

आता माजी विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. सालिम अली शाळेत हुशार नव्हते. डोकेदुखीने बेजार होऊन शाळा मध्येच सुटली आणि १३ व्या वर्षी हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे जावे लागले. १९१३ मध्ये मॅट्रिक कसेबसे पास झाले. कॉलेज सोडून ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यावर गेले. तिथे लक्ष हिशेबापेक्षा जंगलात जास्त. १९१७ मध्ये परत आले. पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशांअभावी म्युझियममधली ती जागाच रद्द झालेली.

वय ३३. परदेशात शिकून आलेला, घरी बसलेला माणूस. आपल्या गावात अशा माणसाविषयी काय बोलतात ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. सालिम आणि पत्नी तेहमिना मुंबई सोडून किहीमला राहायला आले. तेव्हा इकडे यायचे म्हणजे बोटीने रेवसला उतरायचे आणि पुढे गाडीवाट.

ते वर्षही साधे नव्हते. याच घराण्यातले वयोवृद्ध अब्बास तय्यबजी गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करायला उभे राहिले आणि तुरुंगात गेले. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. इतिहासाच्या पुस्तकात १९३० म्हणजे हे, आणि ते तसेच असायला हवे. पण त्याच पावसाळ्यात तिथून फार दूर नाही अशा किहीमला एक बेकार माणूस रोज तासन् तास सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून नोंदी करीत होता.

त्याने काय पाहिले? खोपा नर विणतो, हे तर आहेच. गवताच्या किंवा भाताच्या पातीच्या, माडाच्या झापाच्या धांदोट्या आणून तो आधी गाठी मारतो, मग कडे करतो, मग टोपीसारखा घुमट. इतके झाले की थांबतो. आता माद्या येतात. त्या अर्धा खोपा आतून बाहेरून बघतात, ओढून पाहतात. पसंत पडला तर मादी तो ताब्यात घेते, नाही पडला तर निघून जाते आणि खोपा तसाच राहतो. पसंती मिळाल्यावरच नर खालचे लांब नळकांडे पुरे करतो. एक खोपा पुरा व्हायला सुमारे १८ दिवस लागतात आणि नराच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. पण मादी अंड्यांवर बसली की हा गडी शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! साधले तर तिसराही. म्हणजे एकामागून एक संसार. अर्धवट खोपे नराला झोके घ्यायला असतात, असे लोक म्हणत. ते झोके नव्हतेच. नापसंत झालेली किंवा ग्राहकाची वाट पाहणारी घरे होती. सालिम अलींचा हा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला.

माझी आजी सांगायची की सुगरण खोप्यात ओल्या मातीचा गोळा लावते आणि त्यात काजवा खोचून पिलांसाठी दिवा लावते. माती असते हे अगदी खरे. काजव्याचा दिवा मात्र नाही. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावे, असे एक स्पष्टीकरण आहे. आजी चुकली म्हणून तिचे पाहणे वाया जात नाही. माती तिने पाहिली होती. कारण तेवढे मनाने जोडले होते.

बहिणाबाईंचेही तसेच. अंडी उबवण्याचे काम मादीच करते, पिलांना भरवण्याचेही मुख्यतः तीच. नर तेव्हा पुढच्या खोप्यात गुंतलेला असतो. आईच्या ज्या मायेवर बहिणाबाईंनी कविता केली ती माया खोटी नाही. फक्त विणकराचे नाव बदलायचे.

त्या शनिवारनंतर सरांनी आम्हा प्रत्येकाला एक चाळीस पानी वही करायला लावली. नियम चारच: तारीख, वेळ, जागा, आणि जे दिसले तेवढेच. वाटले ते वेगळ्या ओळीत लिहायचे, आधी "मला वाटते" असे लिहून. माझ्या खिशात तेव्हा गलोल असायची. पहिल्याच आठवड्यात मी एक तांबट पाडला आणि सरांनी ते पाहिले. मार बसेल असे वाटले होते. सर म्हणाले, "मारलास ते मारलास. आता लिही. कुठल्या झाडावर होता, काय खात होता, जोडीदार होता का." मी लिहायला बसलो आणि ध्यानात आले, मला यांतले काहीच ठाऊक नव्हते. नेम धरताना मी पक्षी पाहिलाच नव्हता. गलोल मी त्या दिवशी टाकली असे म्हटले तर ते खोटे होईल. वर्षभर ती खिशात होती. पण हळूहळू वही जड झाली आणि गलोल हलकी.

त्या वहीतली माझी मते आज वाचली की हसू येते. "बगळे आळशी असतात, मला वाटते." "भारद्वाज दिसला की गणिताचा पेपर सोपा जातो, मला वाटते." सगळी चुकीची. पण त्यांच्या वरच्या ओळी, म्हणजे तारखा, झाडे, विहिरी, त्या बरोबर आहेत. ५ सप्टेंबर १९७६ ला त्या ताडावर २३ खोपे होते, असे माझ्या अक्षरात लिहिलेले आहे. आज तो ताड नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपल्या, त्यात तोही गेला. विहिरीवर जाळी आली, भातखाचर विकले गेले, तिथे आता कुंपण आहे. पात नाही, झाड नाही, म्हणून सुगरण नाही. तिथे २३ खोपे होते हे सांगणारा कागद आता फक्त ती वही.

सालिम अलींची पुढची कीर्ती सर्वांना माहीत आहे: १९४१ चे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक, डिलन रिप्ली यांच्याबरोबरचे दहा खंड, १९८५ चे आत्मचरित्र. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती पडलेली चिमणीच ठेवली. २० जून १९८७ ला ते गेले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाळेला काय द्यायचे यावर दर वेळी चर्चा होते. पंखे झाले, पाण्याची टाकी झाली. माझी सूचना किरकोळ खर्चाची आहे. दर पक्षी सप्ताहात आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला एक वही द्यावी, आणि भरलेली वही शाळेच्या कपाटात जपून ठेवावी. त्यांतली मते चुकतील. चुकू द्यावीत. तारीख, जागा आणि दिसले ते मात्र पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणि एक. विहिरीवरची ती मुलगी या मेळाव्याला येणार असल्याचे कळले आहे. तिला आता नातवंडे आहेत. त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसणारा मी होतो, हे तिला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. भेटल्यावर आधी तेच सांगणार आहे.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९७९