ओवी कोणाची? जात्यावरच्या ओव्यांचे संकलन आणि सहभागी इतिहासलेखन

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेली साधने अत्यल्प आहेत. मात्र पहाटे दळण दळताना गाइलेल्या ओव्यांमधून त्यांनी माहेर, सासर, भाऊ, लेक, कष्ट आणि दैवत यांविषयीचे आपले म्हणणे पिढ्यानपिढ्या मांडले. हे म्हणणे अभ्यासाचे साधन म्हणून विद्यापीठीय ज्ञानव्यवहारात स्वीकारले गेले. परंतु ते मांडणाऱ्या स्त्रीला जाणकाराचे स्थान मिळाले काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकलनाची पूर्वपरंपरा :
साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या संग्रहातून ओव्या शिक्षित वाचकांपर्यंत पोहोचविल्या. दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली, तर सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने विपुल सामग्री प्रसिद्ध केली. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि 'लोक' या सामूहिक संज्ञेआड गाणारी स्त्री पुष्कळदा अनामिक राहिली आणि मुखपृष्ठावर नाव संग्राहकाचे आले.

सहभागी संशोधनाचा प्रयोग :
१९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनकार्यातून ओव्यांच्या संकलनास प्रारंभ केला. येथे ओव्या गोळा करणाऱ्यांत गावातील कार्यकर्त्या स्त्रियाही होत्या. त्या स्वतः ओव्या गाणाऱ्या होत्या आणि ओवीच्या अर्थाची चर्चाही त्या करीत. सीतेच्या वनवासाची ओवी त्यांच्या दृष्टीने केवळ पुराणकथा नव्हती. टाकलेल्या, एकट्या पडलेल्या स्त्रीचे दुःख त्या तिच्यात वाचत होत्या. पुढे महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखांहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने ध्वनिमुद्रणही झाले. २००४ मध्ये पॉइतवाँ यांचे आणि २०१० मध्ये राईरकर यांचे निधन झाले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने हा ठेवा प्रकाशात आणला. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, जात, वय व व्यवसाय यांची नोंद दिली गेली.

सहनिर्मितीचे स्वरूप :
ओवी मुळातच एकटीची नसते. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असतात. एकीने ओळ उचलावी, दुसरीने तिला साथ द्यावी, ही तिची रीत. परंपरेने आलेल्या ओळीत प्रत्येक स्त्री आपल्या भावाचे, गावाचे नाव गुंफते. म्हणून एकाच ओवीची अनेक रूपे आढळतात. 'शुद्ध पाठ' निश्चित करण्याच्या पद्धतीत ही रूपे 'पाठभेद' ठरून तळटीपेत जातात. सहभागी संशोधनात मात्र प्रत्येक रूप स्वतंत्र साक्ष ठरते. मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या हे याचे ठळक उदाहरण होय. भीमरावांविषयीची आपुलकी, बुद्धाविषयीची श्रद्धा आणि स्वाभिमानाची जाणीव जुन्या घाटातच प्रकटते. आंबेडकरी चळवळ सभा-ठरावांपलीकडे घराच्या उंबऱ्याआत कशी रुजली, याचा हा पुरावा आहे.

१९८२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'सबाल्टर्न स्टडीज'च्या अभ्यासकांनी शासकीय दप्तरात दडलेला वंचितांचा आवाज शोधण्यावर भर दिला. ओव्यांच्या अभ्यासकांना तो दप्तरात शोधावा लागला नाही. बोलणारी समोर होती. प्रश्न तिला ऐकण्याचा होता.

मर्यादा :
सहभाग म्हणजे समता नव्हे. कागदावर उतरलेली ओवी आपला गळा हरवते. शिवाय पिठाच्या गिरण्यांमुळे हातदळण मागे पडल्यावर अनेक ओव्या स्मरणातून गाइल्या गेल्या. त्यामुळे त्यांचा रचनाकाळ ठरविणे अवघड आहे. विषयवार वर्गीकरण, भाषांतर आणि विवेचन यांची सूत्रे बहुतांशी शिक्षितांच्याच हाती राहिली.

निष्कर्ष :
१) ओवी हे इतिहासाचे केवळ पूरक साधन नसून स्त्रियांनी स्वतः केलेले अनुभवाचे विवेचन आहे.
२) गाणारीच्या नावाची नोंद हा सौजन्याचा भाग नसून संशोधननीतीचा आणि साधनचिकित्सेचा भाग आहे, नाव, गाव व जात कळल्याशिवाय साक्षीचा संदर्भ कळत नाही.
३) मानव्यविद्यांतील समावेशन वंचितांवर लिहिल्याने पूर्ण होत नाही. अर्थनिर्णयात त्यांचा वाटा मान्य झाला, तरच ते अर्थपूर्ण ठरते.