चिनी मुलांचें अक्षरशिक्षण

मराठी मुलाला मुळाक्षरें, बाराखडी आणि जोडाक्षरें आलीं कीं पूर्वीं कधीं न पाहिलेला शब्दही त्याला वाचतां येतो. अर्थ कळो वा न कळो. चिनी मुलाला ही सोय नाहीं. त्याच्या लिपींत प्रत्येक अक्षर म्हणजे एक स्वतंत्र आकृति. तिचा उच्चार वेगळा शिकावयाचा आणि अर्थही वेगळा. अशीं अक्षरें किती? शू शेन यानें इ. स. १०० मध्यें पुऱ्या केलेल्या कोशांत ९,३५३, आणि १७१६ सालच्या कांगशी कोशांत ४७,००० हून अधिक. नित्याच्या वाचनाला यांपैकीं सुमारें तीन हजार पुरतात, हें खरें. परंतु सहा वर्षांच्या मुलाला तो आकडाही डोंगराएवढाच. हा डोंगर त्यानें कसा चढावा, या प्रश्नाचा विचार चीनमध्यें दीड हजार वर्षें चालू आहे. आणि कोणाच्या मुलानें साक्षर व्हावें व कोणाच्या मुलानें निरक्षर राहावें, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर ठरत आलें आहे.

सहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाच्या आज्ञेवरून झोउ शिंगसी या पंडितानें ‘सहस्राक्षरी’ रचली. चार-चार अक्षरांचे अडीचशे चरण, आणि एकही अक्षर दुसऱ्यांदा येऊं नये असा कटाक्ष! हें काम एका रात्रींत उरकतांना त्याचे केस पांढरे झाले, अशी आख्यायिका आहे. पुढें सुंग राजवटीच्या काळांत ‘शंभर आडनांवें’ हें पुस्तक झालें, आणि तेराव्या शतकांतील वांग यिंगलिन याच्या नांवावर परंपरेनें सांगितली जाणारी ‘त्र्यक्षरी’ त्यांच्या जोडीला आली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चिनी मुलाचा विद्यारंभ बहुधा या तीन पुस्तकांनींच होई.

शिकविण्याची रीत एकच होती. गुरुजींनीं चरण सांगावा, मुलांनीं तो मोठ्यानें घोकावा, आणि नंतर एकेकानें गुरुजींकडे पाठ फिरवून तो धडाधड म्हणून दाखवावा. चिनी भाषेंतही शरीराची पाठ आणि पाठ म्हणणें यांना एकच शब्द आहे, तो या रिवाजाची आठवण देतो. लिहिण्याकरितां लाल रंगांत छापलेल्या अक्षरांवरून काळ्या शाईचा कुंचला गिरवावा लागे. आडवी रेघ उभीच्या आधीं, वरची खालचीच्या आधीं, डावी उजवीच्या आधीं, हा क्रम हातांत मुरवला जाई.

या पद्धतींत ताल होता, शिस्त होती. परंतु अर्थ सांगण्याची घाई कोणालाच नव्हती. राजसेवेच्या परीक्षेस बसणाऱ्या श्रीमंताच्या मुलाला पुढें दहा-पंधरा वर्षें शिकावयाचें असे. अर्थ मागाहून कळला तरी त्याचें बिघडत नसे. शेतकऱ्याचा मुलगा मात्र एक-दोन वर्षांतच शाळा सोडी. त्याच्या जिभेवर चरण राहत. पण घरीं आलेलें पत्र वाचवून घेण्यासाठीं त्याला दुसऱ्याच्या दारीं जावें लागे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सला गेलेल्या हजारों चिनी मजुरांची हीच स्थिति होती. १९१८ सालीं जेम्स येन हा तरुण त्यांचीं पत्रें लिहून देतां देतां त्यांना शिकवूंच लागला, आणि त्यांतूनच पुढें निवडक हजार अक्षरांच्या लोकशिक्षणाची मोठी चळवळ उभी राहिली.

जुन्या परीक्षा १९०५ सालीं बंद झाल्या होत्या, त्यामुळें शाळांनाही नवा विचार करणें भाग होतें. कोणतीं अक्षरें आधीं शिकवावींत? बालशिक्षणतज्ज्ञ चेन हचिन यानें बोलभाषेंतील लेखनांतून साडेपांच लाखांहून अधिक अक्षरें मोजलीं, तेव्हां त्यांत निरनिराळीं अक्षरें अवघीं ४,२६१ निघालीं. ही मोजणी १९२८ सालीं प्रसिद्ध झाली. उच्चाराचा प्रश्नही याच काळांत हातीं घेतला गेला. १९१८ सालीं सरकारनें ध्वनिचिन्हांचा एक संच जाहीर केला. तैवानमधील मुलें अद्यापि प्रथम तींच चिन्हें शिकतात. चीनच्या मुख्य भूमीवर १९५८ सालीं रोमन अक्षरांची ‘पिनयिन’ पद्धति मान्य झाली.

त्याच वर्षीं दोन निराळ्या वाटा पुढें आल्या. ल्याओनिंग प्रांतांतील हेइशान येथील शाळेनें अक्षरांचीं कुळें करून तीं एकत्र शिकविलीं. ‘छिंग’ या एका आकृतीला पाण्याची खूण जोडली कीं ‘निर्मळ’, सूर्याची जोडली कीं ‘निरभ्र’, वाणीची जोडली कीं ‘विनंती’, हृदयाची जोडली कीं ‘भावना’. उच्चार सर्वांचा जवळजवळ एकच. एक आकृति कळली कीं चार अक्षरें हातीं लागतात. नानजिंगच्या सी श्या या शिक्षिकेचें मत वेगळें होतें. अक्षर धड्यांत, वाक्यांत, गोष्टींत भेटावें, म्हणजे तें अर्थासह मनांत राहतें, असें त्यांचें म्हणणें. १९८२ सालीं हेइलोंगज्यांग प्रांतांत तिसरा प्रयोग झाला. जें अक्षर येत नाहीं तेथें मुलानें खुशाल पिनयिन लिहावें, पण वाचन-लेखनासाठीं थांबूं नये, असें तेथें ठरलें.

या तिन्ही वाटांचें सार नंतरच्या अभ्यासक्रमांत उतरलें. २०११ सालच्या अभ्यासक्रमानें पहिल्या दोन इयत्तांत सुमारें १,६०० अक्षरें ओळखावींत, पण लिहावींत फक्त सुमारें ८०० अशी मर्यादा घातली. कारण डोळा लवकर शिकतो, हात सावकाश. २०१७ पासून देशभर लागू झालेल्या पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा पिनयिनचा नाहीं. ‘आकाश, पृथ्वी, माणूस’ आणि ‘तूं, मी, तो’ या सहा सोप्या अक्षरांनीं त्याचा आरंभ होतो.

‘सहस्राक्षरी’चाही आरंभ आकाश आणि पृथ्वी या अक्षरांनींच होतो. दीड हजार वर्षांत लिपीचा डोंगर फारसा ठेंगणा झालेला नाहीं. पण पूर्वीं मूल तीं दोन अक्षरें अर्थावांचून घोकीत असे; आतां त्यांच्या शेजारीं माणूस, आणि तूं व मीही पहिल्याच दिवशीं येऊन बसले आहेत. शाळा लवकर सोडणाऱ्या मुलाला पूर्वीं जें कधींच मिळत नसे, तें आतां प्रत्येकाला पहिल्या धड्यांतच मिळतें.