‘नेहमी’ची जागा

इंग्रजी व्याकरणाचा आणि पाटाच्या पाण्याचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ऐकणारा हसेल. मला मात्र हसू येत नाही. 1974 साली, ऐन उमेदीत, मी एका कचेरीत इंग्रजी कागदांचे मराठी करण्याच्या कामावर होतो. पाटपाण्याच्या एका तक्रारीवरचा अभिप्राय माझ्यापुढे आला. त्यातले एक वाक्य देवनागरीत लिहायचे तर असे होते : ‘द वॉटर वॉज नॉट ऑल्वेज रिलीज्ड.’ मी झटकन लिहिले, ‘पाणी नेहमी सोडले जात नसे.’ एकही शब्द सुटला नव्हता. मी स्वतःवर खूष होतो.

दोन दिवसांनी अर्जदारांपैकी एक वृद्ध शेतकरी आले. त्यांना मी कागद वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, कधीच सोडीत नव्हते असं आम्ही कुठं म्हनलो? कधी सोडीत, कधी न्हाई. आन् सोडीत नव्हतं कोन, ते तर ह्यात न्हाईच!”

त्यांच्या या दोन वाक्यांनी मला जे व्याकरण शिकवले, ते शाळेत शिकलो नव्हतो. शाळेत ‘व्हॉइस बदला’ हा प्रश्न मी दहा-दहा गुणांसाठी सोडवला होता. कर्ता उचलून मागे न्यायचा, त्याला ‘बाय’ जोडायचा, जमल्यास गाळून टाकायचा. ‘ऑफन’, ‘ऑल्वेज’, ‘सेल्डम’ ही वारंवारता दाखवणारी क्रियाविशेषणे कोठे ठेवायची, याचाही एक नियम घोकला होता : पहिल्या साहाय्यक क्रियापदानंतर. ‘इज ऑफन सीन’, ‘हॅज ऑफन बीन सीन’. पण हा नियम कोठून आला आणि तो मोडला तर काय बिघडते, हे कोणी सांगितले नाही. पुढे मी ते शोधत गेलो.

इंग्रजीचा कर्मणी प्रयोग आज दिसतो तसा आरंभापासून नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्यासाठी दोन साहाय्यक क्रियापदे चालत. एक ‘असणे’ या अर्थाचे, दुसरे ‘होणे’ या अर्थाचे ‘वेओर्थन’. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत दुसरे लुप्त झाले आणि सारा भार ‘बी’वर आला. ‘ऑल्वेज’चा जन्मही गमतीचा आहे. त्याचे मूळ रूप ‘सगळी वाट’ अशा अर्थाचे होते. वाटभर म्हणता म्हणता त्याचा अर्थ काळभर झाला.

पुढे क्रियापदाची आगगाडी लांबत गेली. अठराव्या शतकात ‘घर बांधले जात आहे’ हे सांगायला ‘द हाउस इज बिल्डिंग’ एवढेच म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे वळण त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले. कवी रॉबर्ट साउदी याच्या 1795 मधील एका पत्रात त्याचे ठळक उदाहरण सापडते. जुन्या वळणाच्या लोकांना ते सहन झाले नाही. अमेरिकन लेखक रिचर्ड ग्रँट व्हाइट याने 1870 मधील आपल्या पुस्तकात या रचनेवर कडाडून टीका केली. आज ती टीकाच विचित्र वाटते आणि ती रचना शाळकरी मुलेही सहज लिहितात.

डबे वाढले तसा मध्ये कोणी शिरावे हा प्रश्न आला. लॅटिनमध्ये वर्तमानकाळी कर्मणी क्रियापद एकाच शब्दाचे. तेथे फट नाही, म्हणून भांडणही नाही. इंग्रजीत फटी पुष्कळ. 1864 साली हेन्री आल्फर्ड याने ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यास हरकत घेतली आणि हा वाद गाजला. त्याची धास्ती इतकी पसरली की काही लेखक ‘हॅज’ आणि ‘बीन’ यांच्यामध्येही ‘ऑफन’ ठेवायला भिऊ लागले. 1926 साली हेन्री फाउलर याने आपल्या प्रसिद्ध कोशात या भित्र्यांची कानउघाडणी केली. संयुक्त क्रियापदात पहिल्या साहाय्यकानंतरची जागा हीच क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा, असे त्याने ठणकावून सांगितले. आम्ही घोकलेला नियम तो हाच.

आणि नकार आला की ही जागा केवळ शोभेची राहत नाही. ‘नॉट ऑल्वेज’ म्हणजे कधी होय, कधी नाही. ‘ऑल्वेज नॉट’ म्हणजे कधीच नाही. दोन शब्दांची अदलाबदल झाली की साक्ष उलटते.

आपली गोष्ट निराळी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्यालाच चिकटतो. ‘नेहमी’ बिचारे दूर पुढे बसते. त्यामुळे ‘नेहमी सोडले जात नसे’ याचे दोन्ही अर्थ होऊ शकतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानी बहुधा कडक अर्थच पडतो. मराठीला यावर उपाय नाही असे नव्हे. ‘नेहमीच सोडले जात असे, असे नाही’ म्हटले की काम होते. तो एक ‘च’ मी लिहिला नव्हता.

‘जा’ धातू लावून केलेल्या या कर्मणीला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, आणि इंग्रजीच्या सहवासात त्याचा वापर फार वाढला. जुन्या मराठीचा कर्मणी मात्र एकाच शब्दाचा होता : ‘करिजे’, ‘म्हणिजे’. ‘म्हणिजे’ याचा अर्थ ‘म्हटले जाते’. आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो ते ‘म्हणजे’ त्याचेच झिजलेले रूप. कोण म्हणतो, हे विचारायचे आपण केव्हाच सोडून दिले आहे.

इतिहासात मात्र ते सोडून चालत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि अस्सल कागदाचा आग्रह धरला. याच राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. कागद आणि क्रियापद या दोहोंची चौकशी एकाच माणसाने करावी, यात मला नवल वाटत नाही. ‘असे नेहमी सांगितले जाते’ या वाक्यात कर्मणीने साक्षीदार लपवला आणि ‘नेहमी’ने त्याची उणीव भरून काढल्याचा आव आणला. इतिहासाच्या अभ्यासकाने तेथेच थांबून विचारले पाहिजे : कोणी सांगितले? किती वेळा? जॉर्ज ऑर्वेल याने 1946 मधील एका निबंधात, कर्तरी चालत असेल तेथे कर्मणी वापरू नये, असा नियम घातला, तोही याच काळजीपोटी.

त्या दिवशी मी साहेबांकडे गेलो, चूक कबूल केली आणि वाक्य बदलून घेतले : ‘पाणी कधी सोडले जाई, कधी सोडले जात नसे.’ म्हाताऱ्यांनी ते ऐकले, मान डोलावली, आणि मग विचारले, “आन् कोन, ते?”

ते मला लिहिता आले नाही. मूळ इंग्रजीतच कर्ता नव्हता, आणि भाषांतरकाराला नवा माणूस उभा करण्याचा अधिकार नसतो. ‘नेहमी’ मी त्याच्या जागी बसवले. त्या कर्त्याची जागा मात्र त्या कागदावर रिकामीच राहिली. त्यानंतर कर्मणी वाक्य वाचले की माझी नजर आधी त्या जागेकडे जाते.