कुळाच्या कानीं गेलेलें वर्तमानपत्र

लोकमत हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. वर्तमानपत्रांनीं ओरड केली कीं लोकमत क्षुब्ध झालें, सभेंत टाळ्या पडल्या कीं तें अनुकूल झालें, असें आपण लिहून जातों. आतां मोबाईलवर मजकूर हातोहात फिरूं लागल्यापासून तर लोकमत घटकेघटकेला बदलतें. पण बोलणारे कोण आणि नुसतें ऐकणारे कोण, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आमच्या खेड तालुक्यांत, किंबहुना साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यांत, या प्रश्नाचा जुना दाखला आहे. तो खोतीचा.

खोत म्हणजे गांवचा सारा वसूल करून सरकारांत भरणारा वतनदार. परंतु कुळाकडून अर्धेल-तिर्धेल घेणारा आणि प्रसंगीं वेठीस धरणाराहि तोच. 1880 च्या खोती कायद्यानें या संबंधांस कागदी रूप दिलें. पण तो कागद वाचतां येणारा पक्ष बहुधा एकच होता. माझ्या आजोबांच्या ओटीवर ‘केसरी’ मोठ्यानें वाचला जाई, असें आमच्या घरीं अभिमानानें सांगत. अंगणांत बसून तो ऐकणाऱ्या कुळांस काय वाटे, हें मात्र कोणीं सांगितल्याचें मला स्मरत नाहीं.

1881 सालीं निघालेल्या ‘केसरी’नें महाराष्ट्राला सरकारास जाब विचारावयास शिकविलें, हें कोण नाकारील? तरी खोतीचा प्रश्न निघाला तेव्हां त्याची लेखणी खोतांच्या बाजूनें चालली. त्यांत कपट होतें असें मी म्हणत नाहीं. टिळक स्वतः कोंकणांतील खोत घराण्यांतले. परकी सरकार वतनांत हात घालतें ही त्यांची भीति खरीच होती. उणें एवढेंच कीं, त्याच पानावर कुळाचें उत्तर येण्यास वाट नव्हती. 31 जानेवारी 1920 रोजीं आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याला शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साह्य केलें होतें. परंतु त्याची जाहिरात पैसे देऊनहि ‘केसरी’नें छापली नाहीं, असें आंबेडकरांनीं पुढें नमूद केलें आहे. ज्यांचें नांवच मूक, त्यांनीं बोलूं नये हा शिरस्ता किती अंगवळणीं पडला होता!

मग कुळापर्यंत नवा विचार पोंचला कसा? 1931 च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत शंभरांत दहा माणसेंहि साक्षर नव्हतीं. तेव्हां छापील अक्षरानें एकट्यानें हें काम झालेलें नाहीं. खरा वार्ताहर मुंबईच्या गिरणींत राबणारा चाकरमानी. शिमग्याला तो आगबोटीनें दाभोळास उतरे, खाडीनें व पुढें जगबुडीनें वर येई, आणि परळच्या सभांची हकीकत घरच्यांना सांगे. त्याला उलट प्रश्न विचारतां येत. ओटीवरच्या वाचनाला तसे विचारण्याची सोय नव्हती. एप्रिल 1929 मध्यें शेजारच्या चिपळुणास आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. 1930 सालीं ‘जनता’ निघालें. उत्तरेस कुलाबा जिल्ह्यांत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालीं चरीच्या शेतकऱ्यांनीं 1933 पासून सहा वर्षें संप चालविला. चळवळीच्या भाषणांत रंग जरा गडद असतोच. पण ऐकणारा आपल्याच शेताची गोष्ट ऐकत असल्यामुळें खरें-खोटें पारखूं शकत होता.

17 सप्टेंबर 1937 रोजीं आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत खोती नष्ट करणारें बिल मांडलें. 10 जानेवारी 1938 रोजीं हजारों शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले, व त्यांचें शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना भेटलें. खेर मूळ रत्नागिरीचे. त्यांना खोत म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरी बिल पार पडलें नाहीं, आणि 1939 च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. खोती गेली ती 1949 च्या कायद्यानें, खेरांच्याच दुसऱ्या कारकीर्दींत. मधल्या काळांत युक्तिवाद फारसे बदलले नव्हते. 1937 सालीं थोड्यांनाच मत होतें. पुढच्या निवडणुकींत प्रत्येक प्रौढ कुळाला तें मिळावयाचें होतें. हा फरक, मला वाटतें, कोणत्याहि अग्रलेखाहून मोठा ठरला.

आजोबांच्या पश्चात् त्यांचें दप्तर मीं उलगडून पाहिलें. त्यांत कुळांच्या कबुलायतींचा एक गठ्ठा निघाला. प्रत्येक कागदाच्या तळाशीं शाईचा अंगठा आहे, आणि शेजारीं आजोबांच्या वळणदार अक्षरांत कुळाचें नांव.